वडिलांचे अकरा रेडिओ

संपादकांचा फोन आषाढात आला. जुन्या रेडिओंवर लिहा, म्हणाले, पण तांत्रिक नको, आठवणींचं असू द्या. मी हो म्हणून बसलो. आठवणी हा माझा प्रांत नाही. पोरवयात तापकीर गल्लीत सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं ते अजून खाली ठेवलेलं नाही. या पन्नास वर्षांत प्रत्येक रेडिओबरोबर गिऱ्हाइकाची एक आठवण आली, पण मी दुरुस्त केला तो कंडेन्सरच. तेव्हा यंदाच्या जानेवारीतलं तंजावरचं काम जसं घडलं तसं लिहितो. ते अजून मनातून जात नाही. मध्ये तांत्रिक आलंच तर तेवढा परिच्छेद खुशाल सोडा.

आमच्या ओळखीच्या एक बाई कोथरूडला राहतात. माहेर तंजावरचं आणि मराठी. व्यंकोजीराजांच्या मागून तिकडे गेलेल्या घरांपैकी एक. वडील गेल्या पावसाळ्यात वारले. मागे आई, चेन्नईत नोकरी करणारा भाऊ आणि अकरा रेडिओ. भाऊ म्हणत होता, भंगारात घालू. बाई म्हणत होत्या, एकही हलवायचा नाही. आई काहीच म्हणत नव्हती. "काका, तुम्ही नुसतं बघून सांगा, ठेवण्यासारखे कुठले." मी म्हणालो, बघून सांगता आलं असतं तर मीटर कशाला घेतला असता? पण गेलो.

तंजावरात 'टाकून द्या' हे शब्द तोंडातून निघत नाहीत. सरस्वती महालात मोडी कागद अजून जपून ठेवलेले. थोरल्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांचा वंश मराठीत कोरून ठेवलेला. त्या देवळापासून चालत दहा मिनिटांवरच्या घरात एक म्हातारा माणूस अकरा रेडिओ साठवून गेला, यात नवल कसलं?

मी पोचण्याआधी कोणीतरी येऊन गेलं होतं. जुन्या व्हॉल्व्हमध्ये 'रेड मर्क्युरी' असतो, लाखांनी जातो, असं भावाला सांगून गेलं होतं. ही अफवा मला पुरून उरणार. २००९ साली सौदी अरेबियात हीच आवई जुन्या शिलाई मशीनवर उठली होती आणि लोकांनी वेड्यासारखे पैसे मोजले होते. तो म्हणे लसणापासून पळतो आणि आरशात दिसत नाही. असा पदार्थच नाही. व्हॉल्व्हच्या डोक्यावर काचेच्या आतून चांदीसारखा जो मुलामा दिसतो, त्याला लोक पारा समजतात. तो बेरियम. हवा काढून काच बंद केली तरी आत चिमूटभर वायू उरतो, तो शोषून घ्यायला कारखान्यात बेरियम आतल्या आत तापवून काचेवर बसवतात. काचेला बारीक चीर पडून हवा शिरली की ती चांदी दुधासारखी पांढरी होते, आणि तेव्हा समजायचं की व्हॉल्व्ह गेला. अकरा सेटांत असे पांढऱ्या डोक्याचे सात निघाले. भावाचा चेहरा पडला. मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं.

बाकीची पाहणी चटकन उरकली. कावेरीचं खोरं, ऑक्टोबरपासून पाऊस, बारमाही दमट हवा. चार कॅबिनेटांना वाळवी लागलेली, दोन ट्रान्सफॉर्मर जळालेले, कॉइलच्या तारांवर हिरवी बुरशी. फिलिप्सचा एक देखणा सेट होता. स्टेशन बरोबर लागलं की मिटत येणारा हिरवा डोळा त्याला होता आणि भावाची नजर त्यावरच होती. बॅटरीवर चालणारा, वीज नसलेल्या खेड्यांसाठीचा एक होता. आणि कोपऱ्यात मर्फीचा साधा पाच व्हॉल्व्हचा सेट, ठाण्याच्या कारखान्यातला. त्याच्या पाठीत लायसन्सचं पुस्तक खोचलेलं होतं. रेडिओ ऐकायला सरकारचं लायसन्स लागायचं आणि दरवर्षी पोस्टात फी भरून तिकीट लावून घ्यावं लागायचं, हे आताच्या मुलांना खरं वाटत नाही. पुस्तकात तिकिटं ओळीनं होती. एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. वापरातला सेट कुठला, ते मला तिथेच कळलं.

भावानं तेवढ्यात तो मर्फी प्लगला लावायला घेतला. मी ओरडलोच. तो एसी-डीसी सेट होता. कोलकात्यासारख्या शहरांत तेव्हा काही भागात डीसी वीज होती, म्हणून दोन्हीवर चालणारे सेट निघत. त्यांत मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो, विजेची एक तार थेट चॅसिसला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळं लोखंड २३० व्होल्टवर. मधून बचाव करतं ते एक बटणाचं बेकेलाइट, आणि ते तुटलेलं होतं.

आता माझा आवडता वाद. संपादकांनी माफ करावं.

त्या काळच्या कंडेन्सरमध्ये मेणात बुडवलेला कागद असे. साठ वर्षांत तो कागद ओल धरतो आणि गळायला लागतो. सगळ्यात वाईट तो, जो पहिल्या अँप्लिफायरकडून आवाज यूएल ८४ या शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला पोचवतो. त्यानं फक्त आवाज जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. तो गळला की ग्रिडवर उलट्या धर्माचं व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह नको इतका करंट ओढतो आणि दहा मिनिटांत आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा धूर. गंमत अशी, की त्या दहा मिनिटांत रेडिओ मस्त वाजतो. लोक म्हणतात, चालू होता की! चालूच होता, मरत होता.

म्हणून मी हे सगळे कंडेन्सर न विचारता बदलतो. आमच्या धंद्यात यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, बदलाल तर तो जुना रेडिओ राहिलाच कुठे? दुसऱ्या तटातले जुन्याची मेणाची पुंगळी पोखरून आत नवा कंडेन्सर लपवतात, वर पुन्हा मेण ओततात. कोणासाठी? मागचं झाकण कोण उघडतं? मी नवे उघड लावतो, जुने पाकिटात घालतो, पाकिटावर तारीख लिहितो आणि कॅबिनेटमध्ये आतून चिकटवतो. पुढच्या मेकॅनिकला कळावं मी काय काढलं आणि काय घातलं. ही माझी शिस्त आहे आणि तिचा मला अभिमान होता. (रेडिओ पोखरून आत ब्लूटूथ बसवून मागणाऱ्यांविषयी दिवाळी अंकात लिहू नये.)

मर्फी पुण्याला आणला. सिरीजमध्ये साठचा बल्ब लावून हळूहळू जागा केला. डायलची दोरी नवी ओवली, ट्रिमर फिरवून स्टेशनं छापलेल्या जागांवर आणली. काच साफ केली. डायलच्या काचेचा एक नियम आहे: अक्षरं आतल्या बाजूला रंगानं छापलेली असतात, त्या बाजूला ओला बोळा लावलात की तुमचं सिलोन बोळ्यावर येतं. मी आतल्या बाजूला फुंकरसुद्धा जपून घातली. बाहेरच्या बाजूला काजळी होती, ती स्पिरिटनं काढली. तीन लाल ठिपके होते, पोरांनी रंग उडवलेला असावा, ते ब्लेडनं खरवडले.

गुढीपाडव्याला बाई सेट न्यायला आल्या. लावला, वाजला. आवाज असा, की मी दुसऱ्याचं काम असतं तरी दाद दिली असती. त्या काचेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, बाबांचे ठिपके कुठे गेले?"

नेलपॉलिशचे होते. आईच्या बाटलीतले.

सेट जुना झाला की डायल खोटं बोलू लागतो. काटा त्रिचीवर असतो आणि लागतं भलतंच. वडिलांनी दर वेळी ट्रिमर कुठे फिरवावेत? त्यांनी स्टेशन खरोखर जिथे लागतं तिथे ठिपका दिला होता. एक त्रिचीचा, एक पुण्याचा. त्रिचीचं केंद्र १९३९ सालचं, तंजावरपासून पंचावन्न किलोमीटर, दिवसभर ठणठणीत. पुणं हजार किलोमीटर. दिवसा आकाशातला खालचा थर मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. अंधार पडला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून लांब उतरतात. म्हणून थंडीतल्या रात्री नऊनंतर वडील सेट खिडकीशी ओढत, आणि ७९२ किलोहर्ट्झवर, खरखरीत, येईल तेवढं मराठी ऐकत. कधी बातम्या, कधी भावगीत, कधी नुसतीच चढउतार करणारी कुजबुज. घरात बोलायची त्यांची मराठी वेगळी, जुनी, तमिळ वळणाची. पुण्याची मराठी ते ऐकायचे ती ही अशी. हे सगळं मला बाईंनी त्या दिवशी सांगितलं. जानेवारीत मी त्यांच्या घरी चार दिवस होतो. मी कंडेन्सरविषयी विचारलं होतं, काचेविषयी नाही.

बिघडवलेलं पूर्ववतही करता येत नव्हतं. ट्रिमर मी फिरवले होते, त्यामुळे स्टेशनं आता छापलेल्या जागी लागतात, वडिलांच्या जागी नाही. मेलेले कंडेन्सर मी तारीख घालून पाकिटात जपले होते.

आता अकरांचं काय झालं ते. फिलिप्स भावानं चेन्नईला नेला, दिवाणखान्यात ठेवलाय, लावत नाही, ते एका परीनं बरंच. सहा सेट सुट्या भागांसाठी मी आणले. योग्य पैसे दिले, पण सल्ला देणारा आणि माल नेणारा एकच, हे मला तेव्हाही टोचत होतं. तीन आईकडे आहेत, कारण त्यांच्यावर तिचे डबे बसतात. घरी असे सेट असणाऱ्यांना माझं सांगणं: सगळे ठेवू नका, वाळवी पोसाल. रोज वापरातला एक ठेवा, दिसायला कसाही असो. तपासून घेतल्याशिवाय तो प्लगला लावू नका. आणि मेकॅनिककडे देण्याआधी पुढून-मागून फोटो काढा, तो कितीही निष्णात असला तरी. खरं तर निष्णात असला तर जास्तच.

मर्फी कोथरूडला आहे. पुणं तिथे भर दुपारी एरियलशिवाय लागतं. श्रावणात मी भिंग घेऊन पुन्हा गेलो, काच तिरप्या उजेडात धरली. माझ्याच ब्लेडचे दोन बारीक ओरखडे सापडले. एक त्रिचीच्या नावाच्या जरा डावीकडे, दुसरा पुण्याचा. तिथे बाईंनी नेलपॉलिश लावलं. तिसरा ठिपका मात्र सापडला नाही, आणि तो कुठल्या स्टेशनचा होता हे घरात कोणालाच माहीत नाही.