वेगळा पेला

मोतमावलीच्या यात्रेला वेदीसेवकांना घेऊन जाण्याचा आमच्या धर्मग्रामाचा परिपाठ जुना आहे. रायगडच्या किनाऱ्यावरून पहाटे निघायचे, मांडव्याला रो-रो बोट धरायची, भाऊच्या धक्क्यावर उतरून वांद्रे गाठायचे, मातेपुढे मेणबत्त्या लावायच्या आणि परतताना मुलांना एखाद्या मोठ्या हॉटेलात खाऊ घालायचे. मुलांच्या दृष्टीने यात्रेचा खरा आनंद या शेवटच्या कार्यक्रमातच साठवलेला असतो. काही वर्षांपूर्वी याच कार्यक्रमात माझ्या हातून एक चूक घडली. ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

त्या मुलांपैकी एकाला सीलिअॅक नावाचा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की अशा रुग्णाच्या शरीराची संरक्षणयंत्रणा त्याच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला चढवते आणि अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म अंकुर झिजत जातात. या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात दाखवून दिला. जन्मभराचे पथ्य हाच त्यावरचा उपचार. कणभर ग्लुटेनही वर्ज्य. त्या क्षणी त्रास जाणवला नाही, तरी आत इजा होतच राहते.

वेदीपाशी मी या मुलाची पुरेपूर काळजी घेत असे. मिस्सेतील भाकर गव्हाचीच असावी, ग्लुटेन पूर्णपणे काढून टाकलेली ओस्ती चालणार नाही, असे रोमहून २००३ साली आलेल्या पत्रात स्पष्ट केले होते व २०१७ साली त्याचा पुनरुच्चार झाला. मात्र अत्यल्प ग्लुटेनची ओस्ती ग्राह्य आहे आणि तीही ज्याला सोसत नाही, त्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रभूला स्वीकारावे, अशी मुभा त्याच पत्रात आहे. माझ्या पेल्यात ओस्तीचा तुकडा टाकला जातो, म्हणून या मुलासाठी मी लहानसा वेगळा पेला ठेवत असे. तो पुसण्याचे वस्त्रही वेगळे. या दक्षतेचा मला मनातून थोडा अभिमानच होता म्हणा ना!

त्या दिवशी मुले ज्या उपाहारगृहात शिरली, त्याच्या शाखा गावोगाव आहेत. आईने दिलेला तांदळाच्या भाकरीचा डबा त्या मुलाच्या पिशवीत होता. पण इतरांच्या ताटांकडे पाहत तो गप्प बसून राहिला. मला त्याची दया आली. यादीत फ्राइड राइस दिसला. भात म्हणजे तर आपले कोकणचे अन्न! त्यात गहू कुठून येणार? पदार्थात काय काय घातले आहे, हे विचारावेसे क्षणभर वाटले. पण मागे रांग लागली होती आणि झग्यातल्या धर्मगुरूने चौकशा करत रांग खोळंबून ठेवावी, याचा मला संकोच वाटला. "खा रे, भातच तर आहे," मी म्हणालो. फादर सांगतात म्हटल्यावर तो निःशंकपणे जेवला.

संध्याकाळी परतीच्या बोटीत त्याला उलट्या सुरू झाल्या. भाद्रपदातला समुद्र खवळलेला. बोट लागली असावी, असे सर्वांना वाटले. पोट धरून वाकलेल्या त्या पोराने मान वर करून मला हळूच विचारले, "फादर, त्यात गहू होता का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे कळले, की बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो आणि नूडल्स परतलेल्या कढईतच पुष्कळदा भातही परतला जातो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. आई रागावली नाही. चहा पुढे ठेवून ती एवढेच म्हणाली, "फादर, मिस्सेत तुम्ही त्याच्यासाठी वेगळा पेला ठेवता. मग हॉटेलात नुसतं विचारायचं का राहिलं?"

तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही. वेदीवर मी सावध होतो. जेवणाच्या मेजावर मला संकोच आड आला.

त्यानंतर मी विचारायला शिकलो. आपल्या देशात २०२० साली झालेल्या नियमांनुसार, दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांतील अॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावयाची असते; ग्लुटेनयुक्त धान्ये त्यांत मोडतात. ही माहिती मागून घ्यावी. पण तेवढ्याने भागत नाही. घटक कागदावर असतात, कढई मात्र स्वयंपाकघरात असते. म्हणून तेल कोणते, तवा कोणता, झारा कोणता, हेही विचारावे. बटाट्याच्या काचऱ्यांत गहू नसतो; पण त्याच तेलात पावाचा चुरा लावलेले कटलेट तळले असेल तर त्या वर्ज्यच. गर्दीच्या वेळी कोणालाच उत्तर द्यायला सवड नसते. तेव्हा जेवणवेळेच्या थोडे आधी जावे. आपल्याकडील खानावळींतही रव्यात घोळवलेली मासळी, पीठ मिसळलेले हिंग आणि गहू दळलेल्या गिरणीतच दळलेले तांदळाचे पीठ असतेच. "थोड्याने काही होत नाही" असे कोणी म्हणाले, तर तिथून उठावे.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा यात्रेला गेलो. या खेपेस रांगेत उभा राहून मी सगळे विचारले. मागची माणसे चुळबुळत होती, चुळबुळू दिली. काउंटरवरच्या तरुणाने तक्ता आणला, आत जाऊन आचाऱ्याला विचारले आणि परत येऊन तो म्हणाला, "तक्त्यात गहू नाही, फादर. पण आमचं तेल एकच आहे. मी खात्री नाही देऊ शकत. मुलाला देऊ नका." त्याचा एक गिऱ्हाईक गेला, पण इतके प्रामाणिक आतिथ्य मी फार थोड्या ठिकाणी अनुभवले आहे.

मुलाने आपला डबा उघडला. त्या तरुणाने त्याला एक धुतलेली कोरी बशी आणून दिली. तांदळाची एक भाकरी मुलाने माझ्यापुढे केली. मीही त्या दिवशी तीच खाल्ली.