ऑइली की ड्राय, हे मी आता शेवटी विचारते

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की काही प्रश्न तोंडात बसतात. 'चिठ्ठी आहे का?' हा एक. फेसवॉश किंवा क्रीम मागणाऱ्याला 'ऑइली की ड्राय?' हा दुसरा. उत्तर आलं की हात आपोआप त्या फळीकडे जायचा. त्वचेचा प्रकार म्हणजे रक्तगटासारखा, एकदा कळला की आयुष्यभराचं काम झालं, असं माझं पक्कं मत होतं. आज ते तसं राहिलेलं नाही. पूर्ण टाकूनही दिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरं तर माझ्या चेहऱ्यानंच मला आधी शंका यायला हवी होती. माहेर रत्नागिरीचं. तिथे दुपारपर्यंत कपाळ चकाकायचं. लग्नानंतर सोलापूरला आले आणि एप्रिल-मेच्या झळांत तोच चेहरा धुतला की ओढायला लागला. हवेतला ओलावा कमी झाला की त्वचेतलं पाणी भराभर उडतं. तेलाचं काम मात्र वेगळं चालतं. ते ग्रंथींतून येतं आणि त्याचा कारभार मुख्यतः हार्मोन्सच्या हातात असतो. म्हणजे एकाच गालावर तेल जास्त आणि पाणी कमी, असं खुशाल असू शकतं. 'ऑइली' आणि 'ड्राय' एकमेकांच्या विरुद्ध टोकांना बसवलेल्या फळ्या आहेत, त्वचेत तसं काही नसतं.

मग हे प्रकार आले कुठून? कोरडी, तेलकट आणि नॉर्मल या वाटणीचं श्रेय सहसा हेलेना रुबिनस्टाईन यांना दिलं जातं. पोलंडहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मेलबर्नमध्ये क्रीम विकायला सुरुवात केली. थोडक्यात, ही वाटणी दुकानातली आहे, दवाखान्यातली नाही. (मी स्वतः दुकानदार असल्यामुळे हे लिहायला मला काही वाटत नाही.) हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली केलेल्या वर्गीकरणात तेलाचा संबंधच नाही. ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते, एवढंच ते विचारतं, कारण सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांचा डोस किती द्यायचा हे त्यांना ठरवायचं होतं. त्यातही सुरुवातीला गोऱ्या कातडीचेच चार प्रकार होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा-सहावा नंतर जोडला. पुढे लेस्ली बाउमन या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी तेल, संवेदनशीलता, डाग आणि सुरकुत्या यांची सांगड घालून 16 प्रकार केले. सोळा! माझ्या दुकानात तेवढ्या फळ्याही नाहीत.

माझं मत खरं हललं ते कोंड्यामुळे. नाकाच्या कडेला आणि भुवयांत पांढरी सालपटं निघतात म्हणून कॉलेजची मुलं येतात. 'ताई, स्किन फार ड्राय झालीय, चांगलं जाड क्रीम द्या.' त्याआधी घरी खोबरेल तेल चोळून झालेलं असतं. सालपटं निघतात म्हणजे कोरडेपणा, असा हिशेब कोणीही करेल, मीही करत असे. पण ही सालपटं नेमकी चेहऱ्यावरच्या सगळ्यांत तेलकट जागी येतात, सोबत लाली असते, डोक्यातही कोंडा असतो. हा बहुतेक वेळा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असतो. मॅलेसेझिया नावाची यीस्ट जवळपास सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि तेलावर जगते. तिथे आणखी तेल चोळणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. अशा मुलाला 'ड्राय' फळीवरचं क्रीम देऊन उपयोग नाही. त्याला बुरशीवरचं औषध लागतं आणि ते डॉक्टरांनी सांगितलेलं बरं. हे ध्यानात आल्यावर माझा तो पाठ झालेला प्रश्न मलाच पोकळ वाटायला लागला.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. 'माझी स्किन फार सेन्सिटिव्ह आहे, काहीच सोसत नाही,' असं सांगणाऱ्या बायकांना मी आता आधी विचारते, 'सध्या काय लावताय?' बरेचदा पर्समधून एक ट्यूब निघते. कोणा मैत्रिणीनं, नाहीतर पार्लरवालीनं सांगितलेली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मोमेटासोन किंवा बीटामेथासोन, सोबत हायड्रोक्विनोन. यातली पहिली दोन स्टिरॉइड. पहिले काही दिवस चेहरा उजळतो, डाग फिके होतात. मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, उन्हात आग होते, पुटकुळ्या येतात आणि ट्यूब बंद केली की चेहरा लालबुंद होतो, म्हणून ती पुन्हा लावली जाते. आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला वेगळं नावच दिलंय. 2018 साली केंद्र सरकारनं चेहऱ्यावर सर्रास वापरली जाणारी अनेक स्टिरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती देताच येत नाहीत. तरी ती मिळतात, हे मी या धंद्यात राहून नाकारणार नाही. पण मुद्दा असा की या बाईची त्वचा जन्मतः सेन्सिटिव्ह नाही, तिला ट्यूबनं इजा केली आहे. तिला 'सेन्सिटिव्ह स्किनसाठी' लिहिलेली महाग बाटली देणं म्हणजे मूळ कारण झाकणं. ट्यूब एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडे जा, एवढंच मी सांगते.

मग प्रकार ओळखायची ती घरगुती चाचणी? चेहरा धुवायचा, काही न लावता अर्धा तास थांबायचं, ओढतोय की चकाकतोय ते बघायचं. चाचणी वाईट नाही, पण धुतलं कशानं हे कोणी विचारत नाही. त्वचेचा पीएच साधारण पाचच्या आसपास, किंचित आम्ल. अंगाच्या साबणाचा नऊ-दहा. त्यानं चेहरा धुतला तर माझाही ओढेल आणि तुमचाही. म्हणून मी म्हणते, एक-दोन आठवडे साबण, स्क्रब, लिंबू सगळं थांबवा, सौम्य क्लिन्झरनं धुवा आणि मग बघा. लिंबाचं तर नावच नको. रस लावून उन्हात गेलं की काळे डाग उठतात, ते महिनोन्महिने जात नाहीत. घरच्या उटण्याला माझा विरोध नाही, दिवाळीला मीही लावते. पण मुरमांवर डाळीचं पीठ खसाखसा घासणं मला बघवत नाही.

आता प्रकाराला मी काय किंमत देते ते सांगते. तेलकट की कोरडी यावरून औषधाचा बेस ठरतो: जेल, लोशन, क्रीम की मलम. सनस्क्रीन जाड क्रीममधलं दिलं तर तेलकट कपाळाची मुलगी ते दुसऱ्या दिवशी लावणार नाही. जेलमधलं दिलं तर लावेल. एवढ्यापुरता प्रकार उपयोगी, आणि हे काही थोडं नाही, कारण न लावलेल्या सनस्क्रीनचा एसपीएफ शून्य असतो. पण आत घटक कोणता हवा, ते तक्रारीवरून ठरतं. बंद रंध्रांना सॅलिसिलिक अॅसिड, कारण ते तेलात विरघळतं. कोरडेपणाला ग्लिसरीन आणि सिरॅमाइड. फुटलेल्या टाचांना साधी पेट्रोलियम जेली, किंवा माझ्या माहेरचं कोकमतेल, दोन्ही स्वस्त.

आमच्या गल्लीत कडक भाकऱ्या करणाऱ्या एक मावशी आहेत. गालांवर वांग. दिवसभर चुलीपुढे बसणं, आणि उष्णतेनंही वांग बळावतो. त्यांची त्वचा कोरडी की तेलकट, याचं उत्तर मिळून काय करायचं होतं? वांगाला डोळ्यांना दिसणारा उजेडही त्रास देतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाचं सनस्क्रीन बरं. 'असलं पावडरीसारखं लावून चुलीपुढे बसू होय?' असं त्यांनी विचारलं. मी ते चूल सोडून बाजारात जाताना लावायला सांगितलं. कधी लावतात, कधी नाही.

ज्यांना काहीच तक्रार नाही, त्यांना मी हल्ली सनस्क्रीनपलीकडे काही सुचवत नाही. गल्ल्यावर बसणाऱ्या आमच्या ह्यांना हे मतपरिवर्तन अजून पटलेलं नाही.