होऊन गेलेले क्रियापद

स्पॅनिशमध्ये 'सेर' म्हणजे असणे आणि 'ईर' म्हणजे जाणे. वर्तमानकाळात 'सोय' म्हणजे मी आहे आणि 'बोय' म्हणजे मी जाते. यमक जुळते, एवढेच काय ते नाते. पण घडून पुरी झालेली गोष्ट सांगणाऱ्या भूतकाळात दोघांची रूपे अक्षरशः एक होतात : फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुएरोन. 'फुई माएस्त्रा' म्हणजे मी शिक्षिका होते, आणि 'फुई आल मेर्कादो' म्हणजे मी बाजारात गेले.

संदर्भावरून अर्थ कळतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. कळतोही. परंतु व्युत्पत्ती शिकवण्यात उमेद घालवलेल्या माणसाचे तेवढ्याने समाधान होत नाही. 'फुई' हे रूप मूळचे लॅटिनमधल्या 'असणे'चे. 'जाणे'ने ते उसने घेतले. या 'ईर'चा संसारच उसनवारीवर चाललेला. त्याचा वर्तमानकाळ 'वादेरे' या तिसऱ्याच लॅटिन क्रियापदाकडून आलेला आहे. आपण हसण्याचे कारण नाही. आपले 'जातो' संस्कृत 'या' धातूचे आणि 'गेला' 'गम्'चे. शिवाय 'फुई'मधला धातू आणि संस्कृत 'भू' मुळात एकच, म्हणजे आपले 'होणे', 'होता' ही 'फुई'ची दूरची भावंडे.

असणे आणि जाणे यांची ही सरमिसळ मराठी कानाला इतकी का बोचावी? 'जाणे' या शब्दाचे आपल्याला भय आहे. घरातून निघताना 'जातो' म्हणायचे नाही, 'येतो' म्हणायचे. 'ते गेले' एवढे दोनच शब्द फोनवर ऐकले, तर कुठे गेले असे कोणी विचारत नाही. आणि तरीही स्पॅनिशने जे एका शब्दात केले, ते आपण दोन शब्दांत कधीच करून ठेवले आहे. ज्ञानेश्वर तेराव्या शतकात होऊन गेले, असे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आले. होऊन गेले! असणे आणि जाणे शेजारी शेजारी, एका दमात. 'फुए'ला याहून जवळचा मराठी प्रतिशब्द मला सापडलेला नाही.

मात्र 'होऊन गेले' आपण संतांविषयी म्हणतो, राजांविषयी म्हणतो. घरच्या माणसाविषयी म्हणत नाही. त्यासाठी काही शतकांचे अंतर लागत असावे.

नवव्या धड्यानंतर कुटुंबातील एका व्यक्तीविषयी भूतकाळात पाच वाक्ये लिहायची होती. माझे वडील शाळामास्तर होते. त्यांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. मराठीत 'वडील मास्तर होते' हे वाक्य निवृत्त माणसालाही चालते आणि दिवंगतालाही. 'होते' काही विचारत नाही. स्पॅनिश विचारते. 'फुए माएस्त्रो' म्हटले, की ते मास्तरपण पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकत्र बांधून, गाठ मारून समोर ठेवले जाते. 'एरा माएस्त्रो' म्हटले, तर त्या काळाला काठ उरत नाहीत. ते मास्तर असतात, फळ्यासमोर उभे असतात, बाहीला खडू लागलेला असतो. दोन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत.

पाचही वाक्यांत मी 'एरा' लिहिले. बाईंनी वही परत देताना सांगितले, की चूक काही नाही, पण या धड्यात 'फुए'चा सराव अपेक्षित होता. एक तरी वाक्य त्यात लिहून आणा. मी लिहून नेले : वडील एकदा गोव्याला गेले.