मोठी आणि लहानगा

मुधोळहून गोदावरी जवळ आहे. बासरला गेलं की पात्र दिसतंच. समुद्र मात्र कुठल्याही दिशेनं निघालं तरी शेकडो किलोमीटर लांब. आमच्या घरातला समुद्र बादलीत तयार होतो. आरओचं पाणी घ्यायचं, मोजून समुद्री मीठ टाकायचं, रात्रभर छोटा पंप फिरवायचा आणि सकाळी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवून पाहायचं. हजारात पस्तीस भाग क्षार भरले की ते पाणी टाकीत. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते. प्रवाळ मी ठेवलेलं नाही. वन्यजीव कायद्यानं ते संरक्षित आहे आणि त्याची जागा समुद्रातच आहे. माझ्या टाकीत सच्छिद्र सिरॅमिकचे दगड आहेत आणि आडवी ठेवलेली एक मातीची कुंडी.

अशा टाकीत मी क्लाउनफिशची जोडी सोडली. मुलं ज्याला निमो म्हणतात तोच हा नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. दोन्ही पैदास केंद्रात जन्मलेले होते. हा माझा आग्रहच होता. समुद्रातून पकडलेल्या माशाचे प्रवासात फार हाल होतात, आणि आता तशी गरजही उरलेली नाही. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन कक्षाच्या केंद्रात या माशांची पैदास होते, आणि बचत गटातल्या बायका पिल्लं वाढवून विकतात. माझी जोडी हैदराबादच्या एका विक्रेत्याकडून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत आली. एक जरा मोठा, एक स्पष्टपणे लहान. दोघंही वयानं कोवळे, कारण जोडी जुळवायची तर असेच निवडावे लागतात.

पिशवीतून सुटल्यावर थोडा वेळ दोघं एका कोपऱ्यात चिकटून राहिले. मग मोठ्यानं लहान्यावर झेप घेतली. लहाना पळाला, वळला, आणि पुन्हा मोठ्याच्याच जवळ गेला. तिथं तो एका कुशीवर कलला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला. अंगातून वीज गेल्यासारखा. क्षणभरच. मग सरळ झाला. मोठ्यानं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

सासूबाई खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, याला झटका यायलाय. काढ त्याला बाहेर. मोठं जगू देत न्हाई लेकराला." शेजारच्या काकूंचंही तेच मत पडलं. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत लहान्याच्या बाजूनं बरीच माणसं जमा झाली.

मी त्याला काढलं नाही. या माशांबद्दल आधी पुष्कळ वाचलं होतं, आणि ते थरथरणं आजाराचं नाही याची मला खात्री होती. तरी छातीत धडधडत होतं. वाचलेलं वेगळं आणि आपल्या समोर जीव थरथरताना पाहणं वेगळं.

क्लाउनफिशचं घर म्हणजे समुद्रफूल. डंख मारणाऱ्या त्या जिवाच्या आधारानं ते राहतात आणि सहसा त्यापासून फार लांब जात नाहीत. एका समुद्रफुलात एक मादी, एक नर आणि खाली काही लहान मासे, असा आकारानं ठरलेला क्रम असतो. सगळ्यात मोठी ती मादी. तिच्या खालचा तो नर. बाकीचे वाट पाहणारे. या माशांत कुणी मादी म्हणून जन्मत नाही. मादी गेली की नराची मादी होते आणि वाट पाहणाऱ्यांतला पहिला नर बनतो. हान्स फ्रिके आणि सिमोने फ्रिके यांनी १९७७ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की हा बदल दंडेलीवर चालतो. वरचा मासा खालच्याला दाबून ठेवतो, आणि तो दाब असेपर्यंत खालचा मादी होत नाही.

म्हणजे माझ्या टाकीत चाललेलं भांडण कोण मादी होणार याचं होतं. लहाना थरथरून सांगत होता की तू वरची, मी खालचा, मला इथं राहू दे. एरिक पारमांतिए आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की क्लाउनफिश जबडा झटक्यानं मिटून दातांवर दात आपटतात आणि त्यातून टकटक आवाज काढतात. पुढच्या अभ्यासांत कळलं की शरण जाणारा मासा डोकं थरथरवताना निराळे आवाज काढतो. काचेबाहेर आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. आम्ही अर्धाच संवाद पाहत होतो, आणि त्यावरून त्याला फेफरं आलंय असं ठरवत होतो.

रात्री दुसरी काळजी उभी राहिली. दिवा बंद केल्यावर मोठी पाण्याच्या वरच्या थरात, कोपऱ्यात, जवळजवळ आडवी तरंगत होती. आडवा मासा म्हटलं की कुणालाही मेलेला मासा आठवतो. टॉर्चच्या अंधुक उजेडात मी कल्ले पाहिले. ते संथ आणि एका लयीत हलत होते. ती झोपली होती. समुद्रात समुद्रफुलाच्या शुंडकांत अंग टाकून झोपणारा हा मासा. इथं ते नाही, म्हणून कोपरा.

पुढे दोघांनी कुंडीही धरली. आधी पंपाच्या तोंडाशी, मग हीटरजवळ, शेवटी कुंडीच्या काठाशी. पैदास केंद्रातल्या माशांनी समुद्रफूल पाहिलेलंच नसतं, तरी कशाला तरी लगटून राहायची ओढ असते. मोठी कुंडीच्या काठावर अंग घासायची, तेव्हा सासूबाईंना तिला खरूज झाली असं वाटायचं. ही शंका मात्र मी हसण्यावारी नेली नाही, कारण अंग घासणं परजीवींचंही लक्षण असतं. तेव्हा पाहायचं ते इतकंच: कल्ले जोरात धपापतात का, अंगावर पांढरा बुळबुळीत थर येतो का, मासा खाणं सोडतो का. क्लाउनफिशला ब्रुकलिनेला नावाचा आजार होतो. त्यात ही तिन्ही लक्षणं दिसतात आणि मासा फार लवकर हातचा जातो. माझी दोघं हात दिसला की वर येत होती.

मोठी बाजूच्या काचेवर धडका मारू लागली, त्याचा उलगडा व्हायला मला जास्त वेळ लागला. खोलीत अंधार आणि टाकीत उजेड असला की काच आरसा होते. जपानमधल्या किना हायाशी यांच्या गटानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत क्लाउनफिशनी तीन पांढरे पट्टे असलेल्या माशांवर सर्वाधिक हल्ले केले. तीन पट्टे म्हणजे आपल्याच जातीचा, म्हणजे घरावर हक्क सांगणारा. माझी मादी काचेतल्या तीन पट्ट्यांशी लढत होती. त्या बाजूला बाहेरून काळा कागद लावला आणि धडका थांबल्या.

मी आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. १९५६ पर्यंत मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. मग तो आदिलाबादला जोडला गेला आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. मराठी घरं सगळ्या बदलांत तिथंच राहिली. नववीच्या मुली रविवारी टाकी बघायला येतात. एकीनं विचारलं, "मॅडम, मग आत्ता मोठी पूर्ण मादी झाली का अर्धी?" प्रश्न अगदी नेमका होता. इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगशाळेनं असेच दोन नर एकत्र ठेवले होते. वरचढ माशाचा मेंदू आधी मादीसारखा झाला, अंडाशय त्यानंतर बनायला बराच काळ गेला. म्हणजे ती आधी वागण्यातून मादी होते आणि शरीर मागाहून येतं. मी मुलींना तेच सांगितलं. हा रस्ता एकेरी आहे हेही सांगितलं. मादीचा पुन्हा नर होत नाही, म्हणून वाढ झालेल्या दोन माद्या एका टाकीत टाकल्या तर एक मरेपर्यंत लढतात.

लहाना लहानच का राहतो, हे सासूबाईंनी विचारलं. खाणं तर तो भरपूर खातो. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत पाहिलं की खालचा मासा आपली वाढ स्वतःच आवरतो, म्हणजे वरच्याला त्याची धास्ती वाटत नाही. त्याच देशातल्या किंबे उपसागरात २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत १३४ क्लाउनफिश मोजले गेले. पुष्कळांची लांबी चक्क घटली. लांबी घटलेले मासे जास्त जगले, आणि जोडीदाराबरोबरच ज्यांनी लांबी कमी केली त्यांची जगण्याची शक्यता आणखी वाढली. हे मी सासूबाईंना मे महिन्यात सांगितलं. तेव्हा टाकीवर पंखा चालू होता आणि वीज गेली तर लागेल म्हणून बॅटरीचा एअरपंप शेजारी होता. त्या म्हणाल्या, "दोघांनी मिळून आखडलं तर दोघं तगतील की." नंतर त्यांनी लहान्याला काढायचा विषय काढला नाही.

गावातून आता फोन येतात. कुणी नवी जोडी आणलेली असते आणि आवाजात घबराट असते. मी आधी विचारते, पर फाटलेत का? लहान्याला खायला मिळतं का, की तो वरच्या कोपऱ्यात कोंडला गेलाय? तसं असेल तर मधे जाळीचा पडदा घाला आणि थोडे दिवस एकमेकांना नुसतं दिसू द्या. पर धड असतील, दोघं खात असतील आणि लहाना थरथरून पुन्हा तिच्याच जवळ जात असेल, तर हात पाण्यात घालू नका.

हल्ली दोघं कुंडीचा एक पट्टा तोंडानं खरवडून स्वच्छ करतात. लहाना त्यात पुढे असतो. अंडी घालण्याआधीची ही तयारी. घातली, तर आठवडाभराहून थोडी जास्त त्यांची राखण तोच करील, परांनी वारा घालील, मेलेली वेचून काढील. पिल्लं अंधार पडल्यावर बाहेर येतात आणि पहिले दिवस त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीवच खायला लागतात, इतकी ती बारीक असतात. म्हणून रोटिफरांच्या खाण्यासाठी खिडकीत शेवाळाच्या हिरव्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या आहेत. त्या रोज हलवायचं काम नववीच्या मुलींनी वाटून घेतलंय.