नाव घालून

स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं आणि माळ्यावरची भांडी भंगारवाल्याच्या काट्यावर चढली. स्टीलचं एक पातेलं त्यानं उलटं केलं. काठाखाली टिंबाटिंबांची अक्षरं: ‘वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट’, पुढे आजोबांचं नाव. पातेलं मी काट्यावरून काढून घेतलं. तो म्हणाला, ‘ठेवा, वजनात काय फरक पडत नाय.’

आहेर आजीचा होता. दूध घालून डब्यात साठवलेल्या पैशांचा. बाजारात मी तिच्याबरोबर होतो. ‘नाव घालायचं ना?’ दुकानदारानं विचारलं. ‘घाला की.’ ‘कुणाचं?’ ‘ह्यांचं.’ ह्यांचं म्हणजे कुणाचं, ते काही ती सांगेना. मग मला कोपरानं ढोसलं आणि नाव मी सांगितलं. छिन्नीची टिकटिक सुरू झाली. आजी अक्षरांकडे कौतुकानं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

आजोबांनी या खरेदीसाठी खिशात हातही घातला नव्हता. गावाकडच्या लग्नांत आहेर लाउडस्पीकरवर पुकारायचे, तेव्हा मात्र स्वतःचं नाव आलं की ते फेटा सारखा करत. हा माझा त्यांच्यावरचा जुना राग, आणि तो जाऊ द्यायचा माझा विचार नाही.

पुढे कार्ल्याची लेणी पाहिली. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्यानं दार दिलं, तर तसं तिथं कोरलेलं आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनं तर हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचंही कोरून ठेवलंय. म्हणजे लाउडस्पीकर तेव्हाही होताच. जवळच बेडशाला पाण्याच्या टाक्यापाशी सामडिनिका या महारठिनीचा लेख आहे. त्यात तिचे वडील आहेत, नवराही आहे. पण देणारी ती. दोन हजार वर्षांपूर्वी. माझी आजी तिथून तासाभराच्या वाटेवर जन्मभर राहिली.

परवा भाचीच्या लग्नात प्रवेशद्वारातच क्यूआर कोड लावला होता. बायकोनं तिच्या खात्यातून पाच हजार पाठवले. तिचं नाव, तिची रक्कम, सगळी नोंद चोख. मी खिशात हात घालून उभा. जेवणं झाल्यावर परतीचा आहेर घेऊन मुलीकडचे आले. टॉवेल-टोपी माझ्या हातात दिली, वर नमस्कार. हिच्या हातात ब्लाउजपीस ठेवत बाई यादी धरलेल्या मुलाला म्हणाल्या, ‘ह्या मामांच्या मिसेस, टिक कर.’

टोपी मला घट्ट होते.