जोडात मुरलेलं पाणी

पावसाळा सरला की रत्नागिरीत आमच्या डेंटिंगच्या गाळ्यावर जुन्या गाड्या येऊ लागतात. तक्रार बहुतेक एकच: पायाखालचं मॅट सुकत नाही, आत कुबट वास येतो. मालकाचा संशय पुढच्या काचेच्या रबरावर असतो. तो कधी खराही निघतो, पण मारुती ८०० असली तर मी आधी मॅट उचलून पत्र्याचे जोड बघतो.

१९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं निघालेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचे भाग एकमेकांवर चढवून स्पॉट वेल्डिंगने टाचलेले असतात, आणि दोन टाक्यांच्या मधे फट राहतेच. अशा फटी बुजवायला कारखान्यात पीव्हीसीचं सीलंट भरतात. रंगाच्या भट्टीत ते पक्कं होतं. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य वर्षानुवर्षांच्या उन्हात कमी होत जातं. मग सीलंट आकसतं, कडक होतं, आणि खड्ड्यांत जोड जरा हलला की चिरतं.

चीर बारीक असते हेच वाईट. मोठ्या भेगेत शिरलेलं पाणी वाहून तरी जातं. बारीक चिरेत ते पणतीच्या वातीत तेल चढावं तसं आपसूक ओढलं जातं आणि तिथेच मुरतं. त्यात आमच्याकडची खारी हवा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो दोन पत्रे आतून फाकवतो आणि चीर आणखी उघडते. सीलंट फुगलेलं दिसलं तर खाली काय चाललंय ते विचारायलाच नको.

अशा चिरेवर लोक बाथरूमचं सिलिकॉन फासून येतात. त्याचा मला खरोखर राग आहे. आंबट वासाचं जे सिलिकॉन असतं, ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं; उघड्या पत्र्यावर गंजाला आयतं आमंत्रण. शिवाय त्यावर रंग धरत नाही, आणि आतलं पाणी आतच कोंडतं.

कामाचा खरा वेळ जुनं काढण्यात जातो. हीट गनने बेताने ऊब द्यायची आणि पत्रीने खरवडायचं. गॅसची ज्योत लावायची नाही. पीव्हीसी जळलं की घसा धरणारा विषारी धूर निघतो. पण सगळंच उकरू नये. नखाने दाबल्यावर जे अजून दबतं आणि पत्र्याला घट्ट धरून आहे, ते कारखान्याचं काम आहे, त्याच्या तोडीचं आपल्याला जमत नाही. नवशिके पोरगे उत्साहात तेही ओरबाडतात. मग वायर ब्रश, आणि टोच्याने दाबून परीक्षा. टोचा आत गेला तर सीलंटचा विषय संपला. तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करायला हवा. सीटबेल्टच्या बोल्टाजवळ किंवा पुढच्या शॉकअपच्या बैठकीत असं निघालं, तर फायबर-लांबीने झाकून देणाऱ्याकडून गाडी उचलून आणावी.

पत्रा शाबूत असेल तर जोड पूर्ण सुकवायचा, क्लीनरने तेलकटपणा पुसायचा आणि दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर मारायचा. त्यावर पॉलियुरेथेनचं सीलंट. ते हवेतला ओलावा घेऊन पक्कं होतं, त्यामुळे दमट दिवसांत त्याच्यावर साय लवकर धरते. बोट फिरवून जोडात दाबायचं ते लगेच, हातमोजे घालून. जाड थर दिला म्हणजे जास्त टिकतो असं नाही; आतून सुकायला तो फार वेळ घेतो. रंग कधी चढवायचा ते नळीवर लिहिलेलं असतं, आणि ते कोणी वाचत नाही.

एक गोष्ट मात्र बुजवायची नसते. दाराच्या तळाशी आणि उंबऱ्याच्या पत्र्यात पाणी निघून जायला कारखान्यानेच भोकं ठेवलेली असतात. उत्साही हात तीही भरून टाकतात आणि दार आतून कुजतं. म्हणून मी सीलंटला हात लावण्याआधी प्रत्येक भोकात तार घालून बघतो. काम झाल्यावर एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइप धरायचा, तोही खालच्या जोडापासून वर सरकत. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून आलं ते कळत नाही. मॅट दुसऱ्या दिवशी बसवायचं.