टर्कीचा पिसारा

बडोद्याच्या मोरांवर वाढलेल्या आमच्या नजरेला पेनसिल्व्हेनियाच्या रानातले टर्कीचे नर प्रथमदर्शनी सारखेच भासले. वसंतात तिथे फक्त दाढीवाल्या पक्ष्याचीच शिकार करता येते. ही दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा राठ केसांसारख्या पिसांचा झुबका. वर्षाच्या नरालाही ती असते, पण जेमतेम चार-पाच इंच, प्रौढाची नऊ-दहा. उंच गवतात मात्र दाढी दिसतेच कुठे? तेव्हा पिसारा न्याहाळावा. तरुणाच्या फुललेल्या पिसाऱ्यात मधली पिसे इतरांहून उंच डोकावतात. प्रौढाच्या पिसाऱ्याची कड सलग, अर्धगोल. पायामागचा काटाही तरुणाचा नुसता बोथट उंचवटा असतो, प्रौढाचा लांब नि अणकुचीदार. तरुण बहुधा टोळीने हिंडतात, आणि त्यांची साद बरेचदा अर्ध्यावरच अडखळते. (आवाज फुटणाऱ्या वयातली नातवंडे आम्हांला आठवलीच!)

कायदा या दोघांत भेद करीत नाही. तरी कित्येक जाणते शिकारी तरुणाला जाऊ देतात. पुढल्या वसंतात तोच प्रौढ होऊन साद घालणार असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी हा पक्षी अमेरिकेच्या अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. पुढे जाळ्यांनी धरलेले रानपक्षी नव्या रानांत सोडून तो परत आणावा लागला.